व्यत्यासराव

आमच्या सोसायटीतले व्यत्यासराव तुमच्याही सोसायटीत असणारच. पस्तीस वर्षं भूमिती शिकवून निवृत्त झाले. खडू सुटला, पण तर्जनी हवेत जायची काही थांबली नाही.

लिफ्टमध्ये कुणी सहज म्हणावं, "पाऊस पडून गेला वाटतं, अंगण ओलं दिसतंय." झालं! तर्जनी वर. "पाऊस पडला तर अंगण ओलं होतं, कबूल. पण व्यत्यास खरा असेलच असं नाही!" त्या दिवशी खरंच गच्चीवरची टाकी भरून वाहत होती. त्यांचं बरोबर निघाल्याचा राग सोसायटीला आठवडाभर पुरला.

युक्लिडने पहिल्या पुस्तकात पायथागोरसचं प्रमेय ४७ वं घेतलं आणि त्याचा व्यत्यास ४८ वा म्हणून वेगळा सिद्ध केला, हे ते भाजीवाल्यालाही ऐकवतात. "व्यत्यास फुकट मिळत असता, तर युक्लिडने एवढा घाम गाळला असता का?" भाजीवाला कोथिंबीर फुकट देऊन सुटका करून घेतो.

होम पेटवणाऱ्या गुरुजींनाही सुट्टी नाही. धूर तिथे अग्नी, हे ठीक. पण अग्नी तिथे धूर? अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'तला तापलेला लोखंडाचा गोळा लगेच हजर होतो. अग्नी आहे, धूर नाही. मात्र जिथे अग्नीच नाही, तिथे धूरही नाही, उदाहरणार्थ, तळं. 'जर' आणि 'तर' उलटवून दोन्हींना नकार जोडला, की मूळचं सत्य शाबूत राहतं. बारावीची मुलं याला कॉन्ट्रापॉझिटिव्ह म्हणतात. सरांचा देवाखालोखाल विश्वास यावर.

उलटापालट न करता नुसताच नकार जोडला, की होतो इन्व्हर्स. त्याची भरवशाशी फारकत. "दूध आणलंत तर चहा मिळेल," काकू म्हणाल्या. सर म्हणाले, "न आणल्यास मिळणार नाही, असं त्यातून निघत नाही." तर्क निर्दोष होता. चहा मिळाला नाही. 'तर' म्हणताना माणसं 'नाहीतर' सुचवतात आणि ऐकणारेही तसंच समजतात, हे गाइस आणि झ्विकी या भाषाशास्त्रज्ञांनी १९७१ साली लिहिलं. काकूंना ते लिहून दाखवायची गरज नव्हती.

मुलगा जर्मनीला गेला तेव्हा विमानतळावर म्हणाला होता, "अडचण आली तर लगेच फोन करीन, बाबा." गेले तीन आठवडे फोन नाही. रात्री साडेबाराला फाटकापाशी फोन हातात धरून उभ्या सरांना वॉचमनने विचारलं, "सर, काही काळजी?"

"छे! फोन नाही, म्हणजे अडचण नाही. सरळ आहे."

"मग झोपा की."

सर हलले नाहीत. रेंज आहे ना, ते पुन्हा पाहिलं.

आणि फोन वाजला. मुलाचं नाव. सरांचा अंगठा हिरव्या खुणेवर नीट टेकेना. "व्यत्यास खरा असेलच असं नाही... व्यत्यास खरा असेलच असं नाही..." रामरक्षा म्हणावी तसं ते पुटपुटत होते.

"हॅलो, बाबा? आईला द्या ना. पिठल्यात गाठी झाल्यात."