साधंच काहीतरी

ज्या घरात ‘साधंच काहीतरी करू’ हे वाक्य उच्चारलं जातं, त्या घरातल्या एका माणसाची पाठ पुढचे दोन दिवस अंथरुणाला लागत नाही. वाक्य उच्चारणाऱ्याची लागते. किंबहुना, ती लागलेली असतानाच हे वाक्य सुचतं. आमचे हे सोफ्यावर आडवे होते.

‘‘इतकी वर्षं जॉर्जियात राहतोय आपण, आणि माणसं जेवायला बोलावली की करतो काय? पावभाजी! एकदा इथलं जेवण घालू या सगळ्यांना. अस्सल सदर्न. अगदी कॅज्युअल.’’

अमेरिकेच्या दक्षिणेत ‘कॅज्युअल’वर कधी विसंबू नये, हे मला अटलांटाला आल्याबरोबर कळलं होतं. ‘‘काही विशेष नाही हं, नुसते येऊन जा,’’ असं सांगणाऱ्या घरी आपण बिस्किटांचा पुडा घेऊन जावं, तर टेबलावर तळलेलं चिकन, तीन भाज्या, दोन प्रकारचे गोड ‘पाय’ आणि उकडून, मसाला भरून, ओळीने मांडलेली अंडी. त्या अंड्यांसाठी वेगळी ताटली मिळते. अर्धं अंडं घरंगळू नये म्हणून तिला खळगे पाडलेले असतात. ज्या समाजात असली ताटली लग्नात आहेर म्हणून दिली जाते, तिथे साधेपणाची व्याख्या आपण आपल्या जबाबदारीवर करावी.

बरं, या लोकांचं खाण्याबद्दलचं गांभीर्य सरकारी पातळीवरचं आहे. जॉर्जियाने १९९० मध्ये व्हिडेलिया कांद्याला राज्याची अधिकृत भाजी केलं आणि २००२ मध्ये ग्रिट्सना, म्हणजे मक्याच्या शिजवलेल्या कण्यांना, अधिकृत पदार्थाचा दर्जा दिला. शेजारच्या साउथ कॅरोलायनाने २००६ मध्ये उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगांना अधिकृत खाऊ ठरवलं. आपल्याकडे कांद्यावरून सरकारं गडगडतात, पण त्याला हुद्दा द्यायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

आमंत्रणं गेली. इथल्या मराठी मंडळातली चार कुटुंबं आणि शेजारच्या आजी. आजींचा जन्म इथलाच, वय ऐंशीच्या पुढे, आणि मतं त्याहून जुनी. मग उलट टपाली एकेकाचे निरोप यायला लागले. एक कुटुंब शाकाहारी. एक ‘आम्ही सगळं खातो’वालं, पण श्रावणामुळे सध्या काहीच न खाणारं. एकांना अंडं केकमध्ये चालतं, दिसलेलं चालत नाही. आणि एकांची मुलं फक्त पास्ता खातात.

दाक्षिणात्य जेवण शाकाहारी करणं हा काय प्रकार आहे, हे इथल्या ‘मीट अँड थ्री’ खाणावळीत गेलेल्याला विचारावं. एक मांसाचा पदार्थ आणि तीन भाज्या, असा तिथला हिशेब. त्या भाज्यांच्या यादीत मॅकरोनी अँड चीज मानाने बसलेलं असतं. उरलेल्या हिरव्या भाज्यांवर भरवसा ठेवावा, तर कोलार्डच्या पाल्यात डुकराचं हाडूक तासन्‌तास उकळलेलं असतं आणि घेवड्यात बेकन. म्हणजे शाकाहारी माणसाला सर्वांत सुरक्षित भाजी कोणती, तर मॅकरोनी!

मी आजींकडे सल्ल्याला गेले. हाडकाशिवाय कोलार्ड कसं करतात, हे विचारल्यावर त्या माझ्याकडे बराच वेळ प्रेमाने बघत राहिल्या. इथल्या बायका ज्याची कीव करतात त्याच्याकडे अशाच बघतात. मग म्हणाल्या, धुरावलेल्या मिरचीची पूड घाल, व्हिनेगर घाल, आणि देवाची प्रार्थना कर. कॉर्नब्रेडबद्दल मात्र त्यांनी बोट उगारून बजावलं : साखर घालशील तर खबरदार. साखर घातली की तो केक झाला. या प्रश्नावर इथे घराघरांत तट पडलेले आहेत. मोदकाची पारी उकडीची की तळणीची, यावर आपल्याकडे ज्या पातळीवर जाऊन बोलतात, तीच ही पातळी.

कॉर्नब्रेड ह्यांच्याकडे दिला. ‘साधंच’ म्हणणाऱ्याने निदान एक पदार्थ हातावेगळा करावा, अशी घटनादुरुस्ती मी करून घेतली होती. भिडाचं जड तवकं आमच्याकडे होतंच, टेनेसीतल्या साउथ पिट्सबर्ग गावच्या लॉज कंपनीचं. ही मंडळी १८९६ पासून भिडं ओततायत. कृती अशी की तवकं तुपासकट ओव्हनमध्ये ४५० फॅरनहाइटला सणसणीत तापवायचं, बाहेर काढायचं आणि त्यात मक्याचं पीठ, ताक, अंडं, सोडा यांचं सरबरीत मिश्रण एका दमात ओतायचं. ओतल्याबरोबर असा ‘चर्र’ आवाज होतो, की शेजारच्या खोलीतला माणूस उठून येतो. कडेने तूप बुडबुडत वर चढतं, पिठाची किनार डोळ्यांदेखत आवळते आणि भाजक्या मक्याचा वास सुटतो. ह्यांनी तो आवाज ऐकला आणि त्यांचा चेहरा सिझेरियनच्या खोलीबाहेर उभ्या असलेल्या बापासारखा झाला. त्यानंतर संध्याकाळभर ‘माझा कॉर्नब्रेड’ याखेरीज विषय नाही. कोलार्डची पानं धुणं, प्रत्येकाची मधली जाड शीर ओढून काढणं, चवळी भिजवणं, भेंडीला मक्याचं पीठ लावून तळणं ही कामं आवाज करत नाहीत. म्हणून ती कोणी केली, हेही कोणाच्या लक्षात येत नाही.

पानांच्या शिरा ओढता ओढता मला एक गोष्ट खटकायला लागली. दक्षिणेचं आतिथ्य जगभर गाजलं : व्हरांडा, झुलत्या खुर्च्या, हसतमुख यजमानीण. पण स्वयंपाकघरात कोण होतं? पिढ्यान्‌पिढ्या तिथे गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांचे हात राबले. भेंडी आणि चवळी आफ्रिकेतून इथे आली, कॅरोलायनाच्या खाचरांतला भात त्यांच्याच कष्टांवर पिकला, आणि ‘आमच्याकडचं साधं जेवण’ म्हणून मिरवलं दुसऱ्यांनी. एडना लुइस ही विख्यात पाककर्ती १९१६ मध्ये व्हर्जिनियातल्या फ्रीटाउन या वस्तीत जन्मली. मुक्त झालेल्या गुलामांनी वसवलेली ही वस्ती. तिने १९७६ मध्ये ‘द टेस्ट ऑफ कंट्री कुकिंग’ लिहून हे जेवण ज्यांचं होतं त्यांच्या नावावर केलं. आपल्याही वाड्यांतल्या पंगती आठवा. आग्रह ओटीवरून व्हायचा, पोळ्या माजघरातून यायच्या, आणि लाटणारी शेवटी उरलंसुरलं खायची. मनमोकळा यजमान जगात कुठेही भेटला, तर आधी त्याच्या मागचं दार उघडून बघावं.

पाहुणे सातचे आठ करून आले. फक्त आजी सातला सात मिनिटं असताना, हातात काचेच्या मोठ्या भांड्यात पीच कॉब्लर घेऊन. सुरुवातीला मी उकडलेल्या शेंगा ठेवल्या होत्या. आजींना वाटलं, ही परदेशी माणसं बिचकतील, म्हणून त्या शेंग कशी फोडायची ते दाखवायला सरसावल्या. तोवर मंडळाच्या खजिनदारांची दुसरी वाटी संपली होती. त्यातून विषय निघाला भुईमुगावर संशोधन करणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हरचा. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ १९८१ मध्ये आलं तेव्हापासून अलाबामातलं टस्कगी हे ठिकाण अर्ध्या महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. इथे आलेल्या प्रत्येकाच्या आईवडिलांना न्यूयॉर्क-नायगराइतकंच, अटलांटाहून दोन तासांवरचं ते टस्कगी बघायचं असतं. कार्व्हर तिथे १८९६ मध्ये रुजू झाले, इथपासून पुढचं सगळं चरित्र आमच्या लोकांनी आजींना आळीपाळीने ऐकवलं. आपल्या शेजारच्या राज्यातला माणूस साताऱ्या-सांगलीच्या लोकांकडून समजून घेताना आजींनी दोनदा चष्मा पुसला.

जेवण झकास झालं. पास्तावाल्या मुलांना ‘भाजी’ मिळाली, कारण मॅकरोनी भाजीतच मोडते. श्रावणवाल्यांनी चवळी-भात आणि कोलार्ड रेटून खाल्लं आणि कॉर्नब्रेडमधलं अंडं ‘दिसत नाही’ या कलमाखाली पास झालं. फक्त गोड चहावर मतभेद झाले. चहा गरम असतानाच त्यात बदाबदा साखर विरघळवून, गार करून, बर्फावर ओततात, तो इथला स्वीट टी. सगळ्यांनी ग्लास संपवले, वाखाणले, आणि मग एक काकू हळूच म्हणाल्या, ‘‘आता जरा चहा टाकतेस का?’’ आलं किसायला पुन्हा मीच.

निघताना दोन्ही संस्कृती एक झाल्या. दाक्षिणात्य माणूस ‘येतो’ म्हणाल्यावर पाऊण तासाने निघतो, मराठी माणूस तासाने. सोफ्यापाशी, दाराशी, पायरीवर आणि गाडीची काच खाली करून, असे चार निरोप रीतसर पार पडले. ‘‘अगदी साधंच केलं होतं हो,’’ असं हे प्रत्येक टप्प्यावर सांगत होते.

आजींचं कॉब्लरचं भांडं मागे राहिलं. पालथं केलं, तर तळाला चिकटपट्टीवर त्यांचं नाव. इथल्या चर्चच्या जेवणावळींत भांडी हरवू नयेत म्हणून ही पद्धत. माझ्या आईने स्टीलच्या डब्यावर घालून दिलेलं माझं नाव मी त्यांना दाखवलं होतं, कारण तो डबा भरून भेंडी त्यांच्याबरोबर गेली. आता पंचाईत अशी, की रिकामं भांडं परत करणं इथेही वाईट आणि आपल्याकडेही. मी त्यांचं भांडं भरून देणार, त्या माझा डबा भरून पाठवणार. या व्यवहाराला अंत नाही. परवा ह्यांनी सोफ्यावरूनच विचारलं, ‘‘आजींच्या भांड्यात काय देणार आहेस?’’

‘‘साधंच काहीतरी,’’ मी म्हटलं आणि तवकं त्यांच्या हातात दिलं.