पाचशे कोटींचे काका

आमच्या सोसायटीतले काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आणि थेट जगाच्या सेवेत रुजू झाले. इंटरनेटवरच्या नावा-पत्त्यांचा कारभार पाहणारी आयकॅन ही संस्था 1998 सालची. तिथे कंपन्या असतात, सरकारं असतात आणि एका कोपऱ्यात तुमच्या-आमच्या वतीने बोलणारी मंडळी असतात. काका त्या कोपऱ्यातले. या मंडळींच्या 15 जणांच्या समितीने सल्ला द्यायचा, संचालक मंडळाने ऐकून घ्यायचा. मानलाच पाहिजे असं नाही. काकांना याची घरातूनच सवय आहे.

"सामान्य वापरकर्त्याच्या दृष्टीने पाहिलं तर..." लिफ्ट बंद पडली तरी काका इथूनच सुरुवात करतात. समितीचे कॉल हमखास रात्री दीडला, कारण कुठल्या तरी खंडातल्या सामान्य माणसाची तेव्हा दुपार असते. नोव्हेंबर 2016 मध्ये आयकॅनची सभा हैदराबादला भरली, तेव्हा काका पदरमोड करून गेले. सभा चालू असतानाच 8 तारखेला रात्री पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या. "एका रात्रीत सगळेच सामान्य झाले!" हे सांगताना काका आजही खुलतात.

.भारत हे डोमेन 2014 मध्ये आलं. पुढे काकांनी ईमेलही देवनागरीत घेतला, आणि फॉर्म दिसला की तोच पत्ता देतात. काउंटरवरची मुलगी टाइप करते, चौकट लाल होते.

"काका, इंग्लिशमधला द्या ना."

"पत्ता बरोबर आहे, बाळ. फॉर्म चुकलाय."

मागे रांग वाढते. काका वळून म्हणतात, "हे तुमच्यासाठीच चाललंय." रांगेचा चेहरा काही वेगळंच सांगतो. पण खोटं कशाला बोला, काकांचंच बरोबर असतं. तो पत्ता चालतो. फॉर्म करणाऱ्याच्या डोक्यात रोमनपलीकडे अक्षरंच नसतात.

जगात इंटरनेट वापरणारे पाचशे कोटींच्या वर. त्यांचं मत कळायचं कसं? काका कामवाल्या मावशींना विचारतात. एकदा विषय होता डोमेनच्या मालकाच्या माहितीचा. डोमेन घेणाऱ्याचं नाव, पत्ता, फोन पूर्वी कुणालाही दिसायचा. 2018 मध्ये लागू झालेल्या युरोपीय कायद्यानंतर ते बरंचसं झाकलं गेलं. आता फसवणाऱ्या साइटचा मालक शोधायचा कसा, यावर वाद. काकांनी दोन्ही बाजू मांडल्या. मावशी भांडी घासता घासता म्हणाल्या, "पोलिसांना दाखवा की. गावाला कशाला?"

काकांनी ते त्या रात्री कॉलवर मांडलं आणि सकाळी मावशींना सांगितलं, "तुमचं म्हणणं रेकॉर्डवर गेलं."

"मग आमच्या चाळीत रेंज येत नाही, तेही घाला."

"ते आयकॅनच्या कक्षेत येत नाही हो."

"मग येतं तरी काय?"

काकांनी खुर्ची ओढली. भांडी दुपारपर्यंत तशीच पडून होती.