भूक नसलेल्या माशाला गळ

पोट भरलेल्या माणसाच्या पानात पाचवी जिलेबी कशी ढकलावी, हे शास्त्र फक्त मराठी पंगतीत पूर्णत्वाला गेलं, असं मी छातीठोकपणे सांगत असे. वॉशिंग्टन राज्यात राहायला आलो, माझा मेहुणा स्टीलहेडच्या नादाला लागला आणि तेव्हापासून मी छाती जरा बेतानेच ठोकतो.

प्रकार असा आहे. सॅमन समुद्रातून आपल्या जन्माच्या नदीत परततो तेव्हा त्याने जेवणखाण जवळजवळ सोडलेलं असतं. जठर आक्रसतं. अंगातल्या चरबीवर तो प्रवाहाविरुद्ध चढत राहतो, अंडी घालण्याचं काम उरकतो आणि पॅसिफिकचा सॅमन असेल तर तिथेच मरतो. स्टीलहेड म्हणजे खरं तर रेनबो ट्राउटच, फक्त समुद्रात जाऊन आलेला. हा पुन्हा समुद्रात परतूही शकतो. पण हिवाळ्यात गारठलेल्या नदीत शिरल्यावर खाण्यावरून त्याचंही मन उडालेलं असतं. तर अशा, उपाशी नव्हे, उपोषणाला बसलेल्या माशाला काहीतरी तोंडात घ्यायला लावायचं, एवढ्यासाठी अमेरिकेच्या या वायव्य कोपऱ्यात अख्खा बाजार उभा आहे.

भूक नाही तर मग मासा चावतो तरी का? गळाच्या सामानाच्या दुकानात हा प्रश्न चुकूनही विचारू नये. एक जण सांगतो, रागाने. दुसरा सांगतो, समुद्रातल्या दिवसांची सवय. तिसऱ्याच्या मते निव्वळ कुतूहल. बिचाऱ्याला हात नाहीत, वस्तू पाहायची तर तोंडात धरूनच पाहावी लागते. प्रत्येक मताला दुकानात स्वतंत्र भिंत आहे. राग आणायचा असेल तर पाण्यात गरगरणाऱ्या, थरथरणाऱ्या पितळी फिरक्या आणि धातूचे चमचे. कुतूहल चाळवायचं असेल तर गुलाबी पिसांचे जिग. माझ्या मेहुण्याचा तिन्ही मतांवर सारखाच विश्वास असल्यामुळे तो तिन्ही भिंतींचं बिल भरतो.

तरी हे सगळं सात्त्विक म्हणायचं. खरा आग्रह गाबोळीचा. सॅमनचीच अंडी काढायची, मीठ, साखर, टाकणखार आणि भडक गुलाबी रंग लावून मुरवायची, आणि त्यांचा गोळा गळावर बांधून त्याच्याच जातभाईंना वाढायचा. गळाच्या वर दोऱ्याचा एक खास फास असतो, त्यात तो गोळा अलगद धरून ठेवायचा. यात काही विचित्र आहे असं नदीकाठच्या कुणालाही वाटत नाही. मुरवण्याची कृती मात्र प्रत्येकाची गुप्त. सख्खा भाऊ विचारायला आला तरी लोक साखरेचं प्रमाण खोटं सांगतात.

मेहुण्याच्या बायकोने या मुरवलेल्या गाबोळीची बरणी घराबाहेर काढली, म्हणून ती आमच्या फ्रिजमध्ये मोरांब्याशेजारी आली. आमच्या हिने झाकण उघडून वास घेतला.

“अरे, गाबोळी आहे तर रवा लावून तळून खा की!”

“ताई, हात लावू नकोस. टाकणखार आहे त्यात. माणसांसाठी नाही ती.”

“आणि माशाला चालतो?”

“मासा कुठे गिळतोय!” मेहुणा म्हणाला. या उत्तराने त्याची बाजू मजबूत झाली असं त्याला का वाटलं, कोण जाणे.

चिनूक, म्हणजे सॅमनमधला सगळ्यांत थोरला. त्याच्यासाठी याहून वरची पायरी आहे. केळ्याच्या आकाराचा प्लास्टिकचा मासा घ्यायचा आणि त्याच्या पोटावर खऱ्या तारलीचा काप ठेवून दोऱ्याने गच्च गुंडाळायचा. खोट्या माशाला खऱ्या माशाचं अंगरखं. एवढी शिवणकला मेहुण्याने शाळेत दाखवली असती तर कार्यानुभवात पास झाला असता.

आता तंत्र. रोज सकाळी उठल्यावर तो शेअर बाजाराआधी गोल्ड बार गावापाशी स्कायकोमिश नदीला किती पाणी आहे ते पाहतो. सेकंदाला किती घनफूट, हा आकडा फोनवर मिळतो. पूर ओसरत असावा, पाणी गढूळही नको आणि नितळही नको, हिरवट हवं. “दाजी, पाणी उतरतंय!” असा फोन आला की मी पायजम्यावर पायजमा चढवतो, कारण पुढचा दिवस मांडीभर बर्फाळ पाण्यात जाणार असतो. छातीपर्यंतची रबरी विजार, कमरेला घट्ट पट्टा (पाय घसरला तर विजारीत नदी शिरू नये म्हणून), तळाला खिळे मारलेले बूट. शेवाळलेल्या गोट्यांवर या वेषात चालताना माणसाचं वय, पद आणि पगार यांपैकी काहीही कळत नाही.

काठी साधारण नऊ-दहा फुटांची. गळाच्या वर रंगीत गोळी, ती गळ तळापासून उचलून धरते. शेजारी लोकरीचा झुबका, तो माशाच्या बारीक दातांत अडकतो आणि थुंकून टाकायला त्याला क्षणभर उशीर होतो. त्या क्षणावर सगळा खेळ. खाली शिशाचा तुकडा. प्रवाहाच्या थोडं वरच्या अंगाला फेकायचं आणि शिसं तळाच्या गोट्यांवरून टकटक करत खाली जाऊ द्यायचं. टकटक थांबली की मासा. किंवा दगड. किंवा बुडालेला ओंडका. किंवा गेल्या रविवारी दुसऱ्या कुणीतरी तोडून ठेवलेला दोर. बहुधा हाच. स्टीलहेडला इथे हजार फेकींचा मासा म्हणतात. म्हणणाऱ्याने तोटा कमी करून सांगितला असावा.

दोन हातांनी चालवायच्या तेरा फुटी काठीवालेही असतात. ही पद्धत स्कॉटलंडच्या स्पे नदीवरून आली. मागे झाडी असली तरी दोर पाण्यावरच वळवून पुढे फेकता येतो. ही मंडळी पिसांची माशी पाण्यात आडवी झुलवत पावलापावलाने खाली सरकतात आणि मासा लागला नाही तरी समाधानी दिसतात. मला त्यांच्याविषयी आदर आहे, पण त्यांच्याशेजारी उभं राहवत नाही.

एकदा लागला. काठी वाकली, रील किंचाळलं, चांदीसारखा मासा हवेत उसळला आणि मेहुणा खिळ्यांचे बूट खडखडवत काठाने त्याच्यामागे धावला. जाळ्यात घेतल्यावर पहिलं काम म्हणजे पाठीवर शेपटीच्या अलीकडे छोटा मांसल पर आहे का ते पाहणं. पैदास केंद्रातल्या पिल्लांचा तो पर सोडण्याआधीच छाटतात. पर नसेल तर मासा नियमात राहून घरी नेता येतो, आणि तिथल्या तिथे पकडलेल्या माशांच्या कार्डावर शाईने नोंदही करावी लागते. पर असेल तर मासा जंगली. प्युजेट साउंडच्या, म्हणजे आमच्या इथल्या, नद्यांमधल्या जंगली स्टीलहेडला २००७ पासून संघराज्याच्या कायद्याचं संरक्षण आहे. सोडायचा, आणि तोही पाण्याबाहेर न काढता.

पर होता. धडधाकट होता. फोटोत मेहुण्याची ओली बाही आणि थोडी शेपटी आली आहे. तो त्याने मोठा करून दिवाणखान्यात लावला. पाहुण्यांना आधी बाही दाखवावी लागते.

वाचकांपैकी कुणी इकडे येऊन नादाला लागणार असेल, तर सामान घेण्याआधी एक नोंद वाचावी. ४२ पौंड २ औंसांचा विक्रमी स्टीलहेड १९७० साली अलास्कात बेल आयलंडपाशी आठ वर्षांच्या एका मुलाने पकडला. नदीत नव्हे, समुद्रात, जिथे माशाला अजून भूक असते.