विटेवरची गाडी

घरच्या पार्किंगमध्ये गाडी उचलून तिच्याखाली सरपटत शिरणाऱ्या बहाद्दरांचे कौतुक करावे तेवढे थोडे. हायड्रॉलिक जॅक फक्त उचलायला असतो, वजन तोलून धरायला स्टँड लागतात, असे माहितीपत्रकात छापलेले असते. पण पत्रके वाचणे हे भित्र्यांचे काम. सील गळून जॅक बसला तर? त्यासाठी बांधकामावरून उचललेली वीट आहेच. साक्षात विठोबा विटेवर उभा आहे, मग नऊशे किलोंची हॅचबॅक का राहू नये? चाकामागे अडसर म्हणून चप्पल पुरते. तीही एकच, दुसरी पायात हवी.

या स्वावलंबनाला आमच्या सोसायटीचा जाहीर पाठिंबा आहे. फक्त गाडीखाली जाण्यापूर्वी सभासदांनी मेंटेनन्सची थकबाकी भरावी आणि नॉमिनेशनचा अर्ज कार्यालयात जमा करावा, ही नम्र विनंती.