अक्कांच्या तिण्णैची पावती

"अगं, आज तर हद्द झाली. दार उघडते तो तिण्णैवर एक मुलगी बसलेली! खांबाला टेकून, पाय दुमडून, पदर पसरून, जशी काही माझी धाकटी सून. रस्त्यात तिचा नवरा फोन घेऊन उकिडवा. आणि मला बघून म्हणते कशी, 'पाट्टी, दोनच मिनिटं आत व्हा ना, फ्रेममध्ये येताय.' माझ्या दारात मीच फ्रेममध्ये येत्ये!"

तिण्णै म्हणजे रस्त्याकडच्या दाराबाहेरचा ओटा आणि पाट्टी म्हणजे आजी. अक्कांचं आणि आमचं परसू एकमेकांना लागून. मध्ये बांबूचं कुंपण, त्यावर शेवगा रेललेला. सकाळची कॉफी झाली की अक्का कढीपत्ता तोडायला येतात आणि मी कपडे वाळत घालायला. कढीपत्त्याच्या डहाळ्या दोन, बोलणं तासभर. अक्कांचं घराणं व्यंकोजीराजांच्या मागोमाग तंजावरला आलेलं, मराठी अजून चुलीपाशी टिकलेली, फक्त तिला तमिळ हेल. मी नवऱ्याच्या बदलीमुळे साताऱ्याहून कुंभकोणमजवळच्या या तिरुप्पनंदाळात येऊन पडलेली. मराठीत बोललं की शेजाऱ्यापाजाऱ्यांना काही कळत नाही, त्यामुळे ज्याच्याबद्दल बोलायचं त्याच्या समोर उभं राहूनही बोलता येतं. ही सोय साताऱ्यात नव्हती.

"तुमच्या घराचा फोटो कुणीतरी टाकला असणार, अक्का," मी म्हटलं. "चेन्नईच्या रस्त्याला लागायच्या आधी गाड्या इकडे वळवतात लोक. लाकडी खांब, काव लावलेले पट्टे, दारात कोलमची रांगोळी. हल्ली अशीच घरं शोधत फिरतात."

"कोलम कुणी काढलं? मी. पहाटे सडा कुणी घातला? मी. त्या खांबांना तेल कोण पाजतं दर वर्षी? आणि फोटोत कोण? ती! कोलमवर चप्पल घालून उभी राहिली गं. बरं, जाताना चहाचा कागदी कप तिण्णैच्या कोपऱ्यात ठेवून गेली. तो नाही आला वाटतं फ्रेममध्ये."

आता यावर हसावं तरी कसं? कारण नेमकं त्याच कामाचं पत्र मलाही आलेलं होतं. दादरची भाची पोंगलच्या सुट्टीत यायची आहे. तिचा निरोप: 'मावशी, कुंभकोणम मोठं शहर आहे ना? तिथले फोटोला एकदम भारी स्पॉट कुठले, यादी करून ठेव. देवळं चालतील, पण गर्दी नको.' हे मी अक्कांना वाचून दाखवलं. गर्दी नको म्हटल्यावर अक्का जोरात हसल्या.

"कुंभकोणमला देवळं हवीत आणि गर्दी नको! बरं, लिही. सारंगपाणी. अकरा मजली गोपुर आहे, मान दुखेपर्यंत बघ म्हणावं."

"आत फोन नेऊ देत नाहीत पण."

"तेच तर चांगलं झालं!" अक्कांनी कढीपत्ता ओच्यात टाकून दोन्ही हात मोकळे केले. डिसेंबर 2022 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने राज्यातल्या देवळांत मोबाइलला बंदी घालायला सांगितलं. तिरुचेंदूरच्या देवळावरून खटला उभा राहिला होता. तेव्हापासून बाहेर फोन ठेवायचा आणि टोकन घेऊन आत जायचं. "नाहीतर काय सांगू, दीपाराधना झाली की आधी हात जोडायचे की फोन वर करायचे, लोकांचंच ठरत नव्हतं. पुढच्या माणसाच्या फोनमध्ये मी देव बघितलाय, इतका छोटा!" त्यांनी चिमटीत दाखवला.

म्हणजे देवळातला फोटो बाद, तो रस्त्यावरून. तिथे दुसरी गंमत. गोपुराच्या पोटावरून केबलच्या तारा अशा गेलेल्या असतात की कुठूनही उभे राहा, एखाद्या देवाच्या मुंडावळ्या झाल्यासारखं दिसतं. अक्कांचा सल्ला मात्र पक्का: गोपुर पूर्वेकडे तोंड करून, तेव्हा सकाळी सात-आठच्या आत जावं. ऊन समोरून पडतं, चित्रं उठून दिसतात. दहानंतर फरशी तापली की फोटो राहतो बाजूला, माणूस एका पायावर नाचतो.

"तिला दारासुरमला ने," अक्का म्हणाल्या. "तिथे आवारात फोन चालतो. ते केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे."

दारासुरम म्हणजे ऐरावतेश्वराचं देऊळ, दुसऱ्या राजराजा चोळाने बाराव्या शतकात बांधलेलं. भाचीला पटवायला माझ्याकडे एक हुकमी मुद्दा आहे: ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं 2004 साली, आणि तिचं रोजचं सीएसएमटी स्टेशनही त्याच वर्षी. एकाच बॅचचे दोघे. तिथल्या मंडपाला दगडी चाकं आणि घोडे लावून रथ केलाय, आणि येणारा प्रत्येक जण त्या चाकापाशी उभा राहून घेतो. पण माझं लाडकं ठिकाण वेगळं. एका दगडात हत्ती आणि बैल असे कोरलेत की दोघांना मिळून डोकं एकच. डावीकडचं अंग तळहाताने झाकलं की एक प्राणी, उजवीकडचं झाकलं की दुसरा. आठ-नऊशे वर्षांपूर्वीच्या माणसाने बघणाऱ्याला तिथे उभं करून खेळवलंय. बलिपीठाजवळच्या पायऱ्यांवर आघात केला की सूर निघतात म्हणून इतक्या लोकांनी इतकं ठोकलं की शेवटी त्यांना लोखंडी जाळी लावावी लागली. फोटोत आता सूर नाहीत आणि पायऱ्याही धड नाहीत, जाळी तेवढी छान येते.

"आणि आपल्या गावचं काय?" अक्का जरा दुखावलेल्या सुरात म्हणाल्या. "कुंभकोणम कुंभकोणम करता. आमच्या अरुणजटेश्वराच्या गोष्टीइतकी फोटोची गोष्ट दुसरीकडे असेल तर दाखव."

हे मात्र खरं. ताटकै नावाची भक्तीण देवाला हार घालायला हात वर करते आणि नेमका पदर ढळतो. पदर सावरावा तर हार खाली येतो, हार घालावा तर लाज जाते. तेव्हा देवानेच डोकं तिच्याकडे झुकवलं. ते लिंग तसंच कललेलं राहिलं. राजाने सरळ करायला हत्ती जुंपले, हलेना. मग आले शिवभक्त कुंगिलियक्कलय नायनार. त्यांनी दोराचं एक टोक लिंगाला बांधलं, दुसरं आपल्या गळ्यात अडकवलं आणि ओढलं. लिंग सरळ! सेक्किळारांच्या पेरियपुराणात नायनारांची ही हकिकत आहे.

"पण त्यांच्या बायकोची गोष्ट कुणी सांगत नाही," अक्का कुंपणाशी आणखी सरकल्या, आवाज खाली, जणू परवाच्या रविवारी घडलंय. "घरात तांदळाचा दाणा नाही. पोरं उपाशी. तिने गळ्यातली ताली, मंगळसूत्रच की, काढून दिली, जा, भात आण. आणि हे महाराज काय घेऊन आले? धूप! गाठोडंभर धूप घेऊन थेट देवळात. मग देवाने घर धान्याने भरून दिलं, ते सोड. ती संध्याकाळ तिने कशी काढली असेल?"

"इटलीत पिसाचा मनोरा आहे ना अक्का, कललेला, तिथे लोक हात पुढे करून फोटो काढतात. मनोरा ढकलून सरळ केल्यासारखा."

"खोटं खोटं?"

"खोटं खोटं."

"आणि आमच्याकडे गळ्यात दोर घालून खरं केलं, तर फोटो नाही." अक्कांनी एवढं बोलून सरळ शेवग्याच्या शेंगा मोजायला घेतल्या. मला वाटतं त्यांना पिसाचा राग आला.

राग घालवायला मी तंजावरच्या मराठा राजांचा, सरफोजीराजांचा विषय काढला. तो विषय निघाला की अक्कांचा कणा ताठ होतो. "दुसरे सरफोजी असते ना, तर तुझ्या भाचीला सगळं विचारायची गरज नव्हती. त्यांना कळत होतं कुठे उभं राहायचं ते." आणि खरंच, बघा. लंडनच्या फ्लॅक्समन नावाच्या शिल्पकाराकडून संगमरवरी पुतळा करून घेतलेला, हात जोडलेले, डोक्यावर तिकोनी टोपी, तो तंजावरच्या राजवाड्यात. कुंभकोणमच्या चक्रपाणी देवळात धातूची मूर्ती, देवासमोर कायमची हजेरी. आणि बृहदीश्वराच्या भिंतीवर 1803 मध्ये भोसल्यांचा सगळा इतिहास मराठीत कोरून घेतला, हजार वर्षं टिकेल अशा चोळांच्या दगडावर.

"म्हणजे राजेंद्र-राजराजांच्या फ्रेममध्ये आपण घुसलोच की," मी म्हटलं.

अक्का गप्प. मग म्हणाल्या, "घुसलो ते घुसलो, पण कागदी कप टाकून नाही गेलो. ग्रंथालय ठेवून गेलो." सरस्वती महालाचा हा टोला मला मान्य करावाच लागला.

मी त्यांना दादरची गोष्ट सांगितली. शिवाजी पार्कला मनसेच्या नगरसेवकाने एक सेल्फी पॉइंट केला होता. 2017 च्या पालिका निवडणुकीत पक्षाचा तिथे पराभव झाला, तेव्हा निधी नाही म्हणून तो बंद करत असल्याचं त्यांनी जाहीर केलं. झालं! लगेच शिवसेना म्हणते आम्ही चालवतो, भाजप म्हणतो आम्ही. एका फोटोच्या कोपऱ्यासाठी तीन पक्ष. तिथल्या खड्ड्यांसाठी कधी इतके जण एकदम पुढे आल्याचं मी ऐकलं नाही.

"त्याच मुंबईत आदल्या वर्षी उलटं झालं होतं," मी पुढे सांगितलं. जानेवारी 2016 मध्ये वांद्र्याच्या बँडस्टँडला सेल्फी घेताना मुलगी समुद्रात पडली आणि गेली. मग पोलिसांनी सेल्फी घेऊ नका अशा जागांची यादी काढली. त्यात मरीन ड्राइव्ह होता, गिरगाव चौपाटी होती. फोटोला सगळ्यांत चांगली जागा कुठली हे विचारायचं असेल तर पोलिसांची ती यादीच घ्यावी.

"अय्यो, पोर गेली?" अक्कांनी तोंडाला पदर लावला. थोडा वेळ कुणीच बोललं नाही. पलीकडच्या गल्लीत मासेवाल्याचा भोंगा वाजला तसा विषय पुन्हा रुळावर आला.

मला आठवलं ते गोव्यातलं पर्रा. म्हापशाजवळचं गाव, मनोहर पर्रीकरांचं मूळ गाव, कलिंगडांसाठी नावाजलेलं. तिथे एक रस्ता आहे, दोन्ही बाजूंनी माड, मधून सरळ जाणारा. 'डिअर जिंदगी' सिनेमात तो दिसला आणि मग जो तो त्या माडांच्या मधोमध उभा. गाड्या आडव्या, कचरा, शेतात घुसणं. शेवटी पंचायतीने स्वच्छता कर लावला, फोटो काढायचा तर शंभरापासून पाचशे रुपयांपर्यंत पावती. गावाबाहेर बरीच ओरड झाली, पंचायतीला मागे यावं लागलं.

अक्कांचे डोळे असे चमकले की मला माझ्या जिभेचा पश्चात्ताप होऊ लागला.

"पाचशे?"

"अक्का, मागे घेतला तो कर."

"पंचायतीने मागे घेतला. तिण्णै पंचायतीची नाही, माझी आहे. बघ, मी काही लोभी नाही. बसायचं असेल तर पन्नास. कोलमच्या बाजूने जायचं, वरून नाही. चप्पल खाली. आणि मला आत व्हा म्हणालं तर शंभर."

"आणि तुम्ही फ्रेममध्ये आलात तर?"

"तर फुकट. मग मी पट्टू साडी नेसून बसेन. त्रिभुवनमची आहे, लग्नातली." आणि हसू दाबत म्हणाल्या, "पुढच्या बाजूने जरीचा काठ विरलाय, पण मांडी घालून बसलं की दिसत नाही."

यात गंमत कमी आणि व्यवहार जास्त आहे असं माझं मत. पहाटे उठून कोलम काढणाऱ्या बाईला बाजूला सारून त्या कोलमचा फोटो घेणं, हा प्रकार मला कुठल्याही देवळातल्या फोनपेक्षा जास्त खटकतो. न्यायालयाने देव वाचवला, तिण्णैसाठी खंडपीठ कोण बसवणार? भाचीला मी यादीत पहिली ओळ हीच लिहिली: जिथे माणूस राहतो तिथे आधी हाक मार. तिला ते जुनाट वाटणार, वाटू दे.

उरलेली यादी भराभर झाली. रामस्वामी देवळातली रामायणाची चित्रं, आत असल्याने डोळ्यांनीच बघ. सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरचं रामानुजनचं घर, लहानसं आहे, पण खिडकीपाशी अंगावर काटा येतो. स्वामीमलैला मूर्ती ओतणारे, त्यांच्या भट्टीच्या फार जवळ जाऊ नकोस. आणि पितळी डबरा-टंबलरातली डिग्री कॉफी. ती वरून ओततानाचा फोटो हवाच असतो सगळ्यांना. अक्का म्हणाल्या, "घरी स्टीलच्या टंबलरातच पितो आम्ही. पितळ घासायला चिंच लागते, ती काय तुझी भाची आणणार?"

"आणि महामहम तळं," मी म्हटलं. "काठावर गोविंद दीक्षितांनी बांधलेले सोळा मंडप. संध्याकाळी पाण्यात सुरेख दिसतात."

तळ्याचं नाव निघालं तसा अक्कांनी कढीपत्ता गुंडाळला. 1992 च्या महामहमला, दर बारा वर्षांनी येणाऱ्या त्या स्नानपर्वाला, तिथे चेंगराचेंगरी झाली होती, पन्नासच्या आसपास माणसं गेली. त्या वर्षी अक्का घरीच राहिल्या होत्या, सासूबाईंना ताप म्हणून. 2016 ला मात्र धाकट्या दिराच्या घरून बघितलं, त्यांची गच्ची थेट तळ्यावर. पुढचं 2028 ला.

"आतापासून फोन येतायत, माहितेय? बंगळूरची नणंद, हैदराबादचे ते लोक, ज्यांनी लग्नात आम्हाला साधं बोलावलं नव्हतं तेही. गच्चीवर जागा ठेवा, गच्चीवरून व्हिडिओ छान येतो. दीर म्हणतो, वहिनी, मी कुणाकुणाला नाही म्हणू?"

"मग त्यांच्याकडूनही पावती?"

"छे! घरच्यांकडून कसले पैसे. पण ते लग्नाला न बोलावणारे आहेत ना, त्यांना आम्ही पायऱ्यांवर जागा देणार आहोत. तिथून फक्त टाकी दिसते."