परग्रहावर सातरा टाकण्यापूर्वी

भिवापुरी मिरचीचं भौगोलिक मानांकन पृथ्वीबाहेर चालत नाही. परग्रहावर पिकेल ती नुसती लाल मिरची म्हणूनच विकावी लागेल, हे मनाशी धरून मगच मिरची वाळवायच्या सातऱ्यासाठी जमीन बघायला निघावं.

आकाराला भुलू नये. गुरूचा व्यास पृथ्वीच्या अकरापट, तेव्हा दलाल आधी तोच दाखवणार. त्याला एवढंच विचारायचं, खुंटी कुठं ठोकायची? बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ खडकाचे; तिथं मोजणीवाला निदान उभा राहतो. गुरू आणि शनी म्हणजे बहुतांश हायड्रोजन नि हेलियम. खाली जावं तसा वायू दाटतो, पुढं द्रवासारखा होतो, पण इथून जमीन सुरू असा धुरा काही लागत नाही. ७ डिसेंबर १९९५ला गॅलिलिओ यानानं सोडलेली कुपी पॅराशूट लावून गुरूत उतरली. तासभर खाली जातच राहिली आणि उष्णतेनं, दाबानं मुकी झाली. ताबा घ्यायला गेलेल्या पहिल्या पार्टीची ही गत.

इकडे खडक, तिकडे वायू, हा फेरफार असा झाला: सूर्याजवळच्या उष्णतेत बर्फ टिकेना, उरले धातू आणि खडक, तेही थोडके, म्हणून इकडचे ग्रह लहान. लांबच्या थंडीत बर्फही गोळा झाला, गाभे फुगले आणि त्यांनी आजूबाजूचा वायू ओढून घेतला. (युरेनस-नेपच्यूनचा खातेउतारा वेगळा. तिथवर मजूर येणार नाहीत, सोडा.)

शनीच घ्यायचा हट्ट असेल तर त्याची सरासरी घनता पाण्याहून कमी आहे, हे विक्रीपत्रात लिहून घ्यावं.

खडक आहे म्हणून डोळे मिटून बयाणाही देऊ नये. शुक्रावर ४६५ अंश; सातरा टाकून वळेस्तोवर माल करपलेला. मंगळाचा दिवस २४ तास ३९ मिनिटांचा, रोजीचा हिशेब जमतो; पण मातीत परक्लोरेटचे क्षार, ते धुवायला पाणी हवं, आणि पाणी बर्फात अडकलेलं.

शेवटी गुरू वर आलेला असताना दुर्बीण ट्रॅक्टरच्या बॉनेटवर टेकवून स्वतः पाहणी करावी. त्याच्या बाजूला एका रेषेत चारेक ठिपके दिसतील. गॅलिलिओनं १६१०मध्ये पाहिलेले हे चंद्र मात्र ठोस आहेत. त्यातला गॅनिमीड तर बुधाहून मोठा. दलाल हे सांगत नाही. गॅनिमीडचा वरचा थर बर्फाचा, तापमान उणे शंभराच्या खाली. तिथं मिरची वाळायला किती दिवस लागतील, हे कृषी सहायकाला विचारू नये. त्याच्याकडे सोयाबीनचे पंचनामे पडले आहेत.