खेकसणारे काका

दयाळू माणूस म्हटलं की आपल्यासमोर एक ठरलेला चेहरा उभा राहतो. मंद हसू, हळू आवाज, डोळ्यांत ओलावा. मुंबईच्या लोकलमध्ये असा चेहरा सहसा दिसत नाही. दिसलाच तर त्याचे डोळे मिटलेले असतात आणि मिटलेल्या डोळ्यांसमोर कोणी तरी म्हातारी दांडीला लटकत उभी असते. तिथला दयेचा कारभार वेगळेच गृहस्थ सांभाळतात. वय पन्नाशीच्या पुढे, खिशाला पेन, मांडीवर रेक्झिनची बॅग आणि कपाळावर कायमची आठी. सगळा डबा त्यांना ‘काका’ म्हणतो, आणि काका सगळ्या डब्यावर खेकसतात. ‘‘काय तंबू ठोकलाय का इथं? सरका की जरा!’’ हे शेजाऱ्याला. मग समोर उभ्या असलेल्या माणसाकडे वळून, ‘‘बसा! आता काय अक्षता देऊ?’’ या दोन वाक्यांच्या मध्ये काका स्वतः चार बोटं सरकलेले असतात, हे लक्षात यायला थोडा वेळ लागतो. रेल्वेने तो बाक तिघांसाठी बनवला आहे. त्यावर चौथा बसतो तो कुठल्याही नियमाने नव्हे, तर या चार बोटांच्या जोरावर. त्याची एक मांडी बाकावर असते आणि दुसरी श्रद्धेवर. महिलांच्या डब्यात याच जातीच्या मावशी असतात. तिथे मटाराच्या शेंगा सोलता सोलता खेकसलं जातं, एवढाच फरक.

माझं म्हणणं असं, की रोजच्या जगण्यातली करुणा शोधायची तर ती या काकांकडे शोधावी. ती मनाच्या हळव्या अवस्थेत नसते, अंगवळणी पडलेल्या हालचालीत असते. मोजायचीच तर ती इंचात मोजावी, आवाजाच्या पट्टीत नव्हे. काकांचा एका फेरीतला हिशेब बघा. उभ्या माणसाच्या खांद्यावरची बॅग ते जवळजवळ हिसकावून घेतात, ती डोक्यांवरून हातोहात रॅकवर पोचते, आणि ज्यात महिन्याचा पगार किंवा ऑफिसचा लॅपटॉप असू शकतो अशी ती बॅग मालकाने चार अनोळखी हातांत निमूट सोडलेली असते. दारात लोंबकळणाऱ्या पोराची कॉलर काका मागून धरून ठेवतात, आणि ‘‘मरायचंय का? घरी सांगून आलायस?’’ असं विचारत त्याला आत ओढतात. कोणाला भोवळ आली तर ‘‘डबा आणत नाहीत, सकाळी खात नाहीत, आणि गाडीत पडतात!’’ असं व्याख्यान देत स्वतःच्या बाटलीतलं पाणी त्याच्या तोंडाला लावतात, खिडकीची जागा त्याला देतात आणि पुढे तासभर उभे राहतात. त्याच डब्यात टाळ-चिपळ्यांच्या गजरात भूतदयेचा अभंग चाललेला असतो. गाणारं मंडळ मात्र बसलेलं असतं. भजनी मंडळांविषयी मला आदरच आहे, पण भोवळ आलेल्या माणसाला अभंगाच्या दुसऱ्या कडव्याचा फारसा उपयोग होत नाही.

दयेचा विचार करणं आणि दया करणं यांची किती फारकत असू शकते, याचा एक दाखला अमेरिकेतला आहे. 1973 साली जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी प्रिन्स्टनच्या धर्मशास्त्र महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना दुसऱ्या इमारतीत जाऊन भाषण द्यायचं होतं. काहींचा विषय होता बायबलमधली परोपकारी वाटसरूची गोष्ट. वाटेत एक माणूस खोकत, कण्हत पडलेला होता, अर्थात ठरवून. ज्यांच्या हाताशी भरपूर वेळ होता त्यांच्यातले 63 टक्के थांबले. ‘उशीर झालाय, पळा’ असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यातले 10 टक्के. भाषणाचा विषय परोपकार आहे की नाही, यानं म्हणण्यासारखा फरक पडला नाही. घाई दयेला मारते, एवढंच उरलं. आता लोकलमध्ये घाईखेरीज दुसरं असतं काय? दिवसाला सत्तर लाखांहून जास्त उतारू, आणि गर्दीच्या वेळी चौरस मीटरमध्ये 14 ते 16 माणसं उभी. याला रेल्वेच्याच बोलीत ‘सुपर डेन्स क्रश लोड’ म्हणतात. या दाटीत काका दया करतात, कारण त्यांना त्यासाठी विचार करावा लागत नाही. बूड आपोआप सरकतं. अर्थात प्रिन्स्टनचा नियम त्यांनाही चुकत नाही. गाडीत बसलेल्या माणसाला घाई नसते, गाडी धावत असते. तेच काका दादरच्या पुलावर उतरल्यावर कोपरं बाहेर काढून असे सुटतात, की मघाशी त्यांनीच बसवलेला माणूस समोर आला तरी त्याला बरगडीत एक मिळते. काकांची करुणा बैठी आहे, हे कबूल करायला हवं.

आता आक्षेप. पहिला असा, की ही दया नाहीच, सौदा आहे. आज मी सरकलो, उद्या माझ्यासाठी कोणी सरकेल. पण सत्तर लाखांत आजचा देणेकरी उद्या भेटायचा कुठे? उधारी कोणाकडून वसूल करायची हेच ज्यात माहीत नाही, त्याला सौदा म्हणणारा कधी दुकानात बसलेला नसावा. दुसरा आक्षेप जड आहे. याच गाड्यांमध्ये रुमाल टाकून जागा अडवणारे गट आहेत, विरार गाडीत चढलेल्या बोरिवलीकराला वैऱ्यासारखी वागणूक मिळते, पत्ते कुटणाऱ्यांच्या वर्तुळात उपऱ्याला प्रवेश नसतो. हे सगळं खरं आहे, आणि गटात शिरले की कित्येक काका ओळखू येत नाहीत. गटाची दया रुमालाच्या टोकापाशी संपते. म्हणून काकांची पारख ते एकटे असताना करावी. तसंच ती सेकंड क्लासात करावी. फर्स्ट क्लासात गादी मऊ झाली की का कोण जाणे, सरकणं अवघड होत जातं.

तिसरा आक्षेप आवाजाचा. मदतच करायची तर गोड बोलून करावी, खेकसायचं कशाला? यात तथ्य आहे. काल गावाहून आलेल्या, मराठी न कळणाऱ्या पोराला फक्त आठी आणि आवाज पोचतो, चार बोटं पोचेपर्यंत तो घाबरून दाराकडे गेलेला असतो. त्याच्यापुरती काकांनी पट्टी उतरवावी. पण गोड बोलणाऱ्यांचाही अनुभव डब्याला आहेच. ‘‘सॉरी हं, खरंच जागा नाहीये,’’ असं मधाळ सांगून जे पुन्हा मोबाइलमध्ये शिरतात आणि तिथे करुणेवरचा सुविचार फुलांच्या चित्रासकट पन्नास जणांना पाठवतात, त्यांच्याकडून अजून कोणाला अर्धा इंचही मिळालेला नाही. शिवाय खेकसण्याला एक उपयोग आहे, जो खुद्द काकांनाही ठाऊक नसावा. गोड माणसाने जागा दिली की घेणाऱ्याला ठाण्यापर्यंत कृतज्ञ चेहरा करून बसावं लागतं. काकांनी दिली की तो ‘किती बोलतो हा म्हातारा’ असं मनात म्हणत निवांत बसू शकतो. आभाराचं ओझंच राहत नाही. चुकून कोणी ‘थँक यू’ म्हटलंच तर उत्तर येतं, ‘‘पाय आत घ्या आधी.’’

शेवटचा आक्षेप मला सगळ्यात पटतो. माणसं अशी सरकून घेतात म्हणून तर रेल्वेचं फावतं. दोन दिवस आठवून बघा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, गाड्या रुळांवर अडकल्या, आणि लोकांनी अनोळखी माणसांना चहा-बिस्किटं दिली, घरात झोपायला जागा दिली. पुढच्या वर्षी 11 जुलैला पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत सात स्फोट झाले, तेव्हा रुळांलगतच्या वस्त्यांतले लोक घरातल्या चादरी घेऊन धावले आणि त्यांतून जखमींना नेलं. अशा वेळी जे हात पुढे आले ते रोज बॅगा रॅकवर चढवणारेच होते, असं माझं मत. पण दोन्ही वेळा ‘मुंबईचं स्पिरिट’ असा मथळा झळकला आणि ज्यांनी उत्तर द्यायचं त्यांची सुटका झाली. चौथी सीट ही करुणा आहे, हे जितकं खरं, तितकंच ती चौथ्या माणसाचं पूर्ण तिकीट घेऊन त्याला न दिलेली जागा आहे, हेही खरं. फक्त याचा दोष काकांवर येत नाही. ते काही रेल्वेला माफ करून बसलेले नाहीत. गाडी दोन मिनिटं सिग्नलला थांबली की ते खिडकीतून तिच्यावरही खेकसतात, आणि वर्तमानपत्राच्या वाचकांच्या सदरात त्याच भाषेत पत्रं पाठवतात. शेजाऱ्याच्या बाबतीत त्यांची ही पद्धत आजवर वाया गेलेली नाही. रेल्वे मात्र अजून सरकलेली नाही.